संकेश्वरच्या पुढची मोरी

कॉलेज अर्ध्यावर सोडल्याचं घरी कळायच्या आत निपाणी गाठायची, असं मी ठरवलं. निपाणीत सुमती राहते. तिच्या वडिलांपुढे उभं राहायचं आणि सरळ मागणी घालायची! बेळगावच्या कॉलेजात प्रोफेसरांशी भांडलो त्याच तावात तिथल्या मोटार-अड्ड्यावर आलो.

कुणाला हा प्रवास करायचा असेल तर सांगतो : निपाणीचं भाडं रुपया. ड्रायव्हरशेजारी बसायचं तर दोन आणे जास्त. पण द्यावेत, मागे धूळ खावी लागते. हत्तरगीला चहा बरा मिळतो. संकेश्वरला मोटार अर्धा तास थांबते, तेवढ्यात भाकरी आणि तिथल्या लाल मिरचीचा ठेचा खाऊन घ्यावा. पाण्याचा तांब्या मात्र आधी जवळ घेऊन बसावं.

संकेश्वर सोडून दोन-तीन मैलांवर रस्ता एकदम ओढ्यात उतरला. सगळ्यांना उतरवून मोटार ढकलायला लावली. शेजारी ओढ्यावरची नवी मोरी, कमानीचा लहानसा पूल, अर्धी बांधून उभी होती. "सरकारनं खर्च कमी केलाय, काम बंद," ड्रायव्हर म्हणाला. "मक्तेदार येडा हाय. तरी बांधतोयच."

ड्रायव्हरनं नाव सांगितलं तेव्हा कळलं, तो येडा मक्तेदार म्हणजेच सुमतीचे आप्पा. गुडघ्यापर्यंत धोतर, मिशांत चुना. मी माझी पिशवी उतरवून घेतली.

"कोण रं तू?"

नाव-गाव सांगितलं.

"काय करतोस?"

"कॉलेजात होतो. सोडलं."

"अर्ध्यात?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग हितं बरा हाईस. उचल ती पाटी."

मागणी राहिली बाजूला, मी चुना वाहू लागलो.

दुपारी भाकरी खाताना हणमा पाथरवटानं खरी अडचण सांगितली. कमान रचताना खाली लाकडी साचा लागतो, त्याच्यावर दगड टेकतात. तो साचा सरकारी. काम बंद झालं म्हणून उद्या दुपारी ओव्हरसियर गाडी घेऊन तो न्यायला येणार. मधला कळीचा दगड बसायच्या आत साचा काढला, की कमान ओढ्यात. आणि मोरीवर आप्पांचं नाव. सरकारी कामं गेली तरी गावोगावच्या विहिरी-पायऱ्या मिळतील, पण पडक्या कमानीच्या मक्तेदाराला कोण बोलावणार?

"आणि तुमची मजुरी?" मी विचारलं.

"भाकरी आप्पांच्या घरनं येती. मजुरी सरकारची हुती, कमान आमची हाय," असं म्हणून हणमा हातोडा घेऊन उठला.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर बैलगाडी घेऊन हजर! कमानीत अजून तीन दगडांची जागा रिकामी. माझं डोकं फिरलं. मी त्याच्या अंगावर धावून गेलो, "तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" आणि बरंच काही.

आप्पांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. "त्येची बी नोकरी ह्या महिनाअखेर चाललीया, शान्या. तोंड धू जा."

मी खाली मान घातली. ओव्हरसियरनं बैल सोडले, झाडाखाली बांधले. "बैल दमलेत, आप्पा. साचा उद्या सकाळी भरू."

त्या बैलांच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता.

कळीचा दगड चार वेळा बसवला, चार वेळा काढून घासला. "निधान, निधान," आप्पा कानडीत 'सावकाश, सावकाश' म्हणत होते, लेकराला निजवताना बोलावं तसं. दिवस मावळायच्या आत दगड बसला.

सकाळी साचा काढायचा. इकडची रीत अशी, की साच्याखालच्या पाचरी ठोकून काढताना मक्तेदारानं स्वतः कमानीखाली उभं राहायचं. आप्पा राहिले. मीही जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो. हणमा पाचरीवर घाव घालू लागला आणि मला तेव्हाच वाचा फुटली.

"आप्पा, मला सुमती..."

"गप रं! कमान ऐकायची असती."

शेवटची पाचर सुटली. डोक्यावर कुठंतरी 'कट्' झालं, बारीक. पुन्हा काही नाही. आप्पांनी वर हात लावला, डोळे मिटले.

"बसली. आता बोल."

मीही वर हात लावून पाहिला. बाहेर हणमा आणि ओव्हरसियर एकमेकांच्या खांद्यावर थापा मारत होते.

आप्पाच बोलले. "जूनला कॉलेजात जा. ते पुरं करून ये, मग माझ्या दारात बोलू. अर्ध्यातलं घिऊन येऊ नको."

आणखी दोन दिवस माती भरायला राहिलो. निपाणी यंदा पाहिलीच नाही. तंबाखूचा वास तेवढा तिकडून येणाऱ्या गाड्यांना होता. परतीची मोटार मोरीवरून गेली तेव्हा आत एकाचीही डुलकी मोडली नाही. असं काम मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही.

घरी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांना जे बोलायचं ते बोलले. येताना आप्पांनी बाभळीची एक पाचर दिली होती. पाचरी त्यांच्या स्वतःच्या, सरकारी नव्हेत. माझ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. पाचर त्याच्याखाली घातली आणि पुस्तकं पुन्हा वर मांडली. टेबल आता हलत नाही.