समेटाचा शनिवार

इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतले आमचे शेजारी मूळचे नागपूरचे, मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती. त्यांच्या मंडळीत शांतीची प्रार्थना फार मनावर घेतात. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीआधी ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्याशी समेट करायचा, असा नियम. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी, शनिवारी सकाळी, ते आमची बेल वाजवून विचारतात, "भाऊ, मनात काही आहे का माझ्याबद्दल?" हातात केक असतो, त्यामुळे मीही 'छे छे' म्हणून टाकतो.

परवा ते मला सोबत घेऊन रास अल खोरला त्यांच्या मेकॅनिककडे गेले आणि त्याची माफी मागू लागले. तो पाना हातात धरून बघतच राहिला.

"आप गुस्सा कब हुए, साब?"

"अंदर से हुआ था."

घाबरून त्याने गाडीचे चारही ब्रेक पुन्हा तपासले. माझा शनिवार खलास.

परतताना त्यांनी मला तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "छे छे."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, गाडी पेट्रोल पंपाच्या कडेला उभी केली आणि इंजिन बंद केलं. एसीही बंद झाला. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं.

"सावकाश सांगा, भाऊ," ते म्हणाले. "मला घाई नाही."