सगळ्यात हळू चालणारा पुढे

ताईजींच्या शाळेची रांग झाशीत आमच्या भागात सगळे ओळखत. इतर शाळांची मुलं उंचीप्रमाणे उभी राहतात. आमच्याकडे सगळ्यात हळू चालणारं मूल पुढे आणि बाकीची त्याच्या चालीने मागे. बागेत जाताना इलाइट चौराहा ओलांडायला आम्हाला इतका वेळ लागे की ऑटोवाले हॉर्न वाजवून दमत. ताईजी रस्त्याच्या मधोमध छत्री आडवी धरून उभ्या असत. "भैया, पाँच मिनट लगेंगे. इंजन बंद कर लो, पेट्रोल बचेगा."

मी त्याच शाळेत शिकवते. एकदा मी सुचवलं, की हळू चालणाऱ्यांना एक बाई सोबत देऊन मागे ठेवू, म्हणजे आपण लवकर पोचू.

"पोचू की," त्या म्हणाल्या. "पण ते मूल जन्मभर दुसऱ्यांच्या पाठी बघत चालेल, त्याचं काय करायचं?"

हे सगळं भूतकाळात लिहिताना हात थांबतो. तीन आठवडे झाले. त्या सकाळी शाळेचे शिपाई किशोरीलाल भैया यांचा फोन आला, की ताईजी झोपेतच गेल्या. मी "हो" म्हटलं, शाळेत गेले आणि पालकसभेसाठी खुर्च्या मांडू लागले. सभा ताईजींनीच बोलावली होती, त्या लवकर येणार होत्या, पाण्याचा माठ भरायचा राहिला होता. वीसेक खुर्च्या झाल्यावर किशोरीलालनी माझ्या हातातली खुर्ची काढून घेतली. "दीदी, बैठ जाओ," ते म्हणाले. मी बसले. तरीही फाटकाकडे बघत होते.

ताईजींचं घराणं झाशीतलं जुनं. त्यांच्या मराठीत आमच्या रेल्वे कॉलनीत कधी न ऐकलेले शब्द असत आणि वाक्य हिंदीत संपे. लिहायचा त्यांना कंटाळा. शाळा चालवणाऱ्या समितीने एकदा पत्रकासाठी 'उद्देश आणि शैक्षणिक विचार' दोन पानांत मागितला. त्यांनी एका ओळीत लिहून दिलं : 'इस मोहल्ले के सारे बच्चे.'

"बस, इतना ही?" अध्यक्षांनी विचारलं.

"इतना हो जाए तो बाकी मैं लिख दूँगी," त्या म्हणाल्या.

शेवटी ती दोन पानं मी लिहिली. सर्वसमावेशक शिक्षण, प्रत्येक मुलाची स्वतःची गती, असं पुष्कळ. माझं वाचन बरं आहे, त्यामुळे पानं चांगली झाली.

त्याच वर्षी शाळा पाहायला बाहेरचे पाहुणे येणार होते. दुसरीतला अन्नू धड्याच्या मध्येच उठून वर्गात फेऱ्या मारायचा. आदल्या दिवशी मी त्याच्या आईला हळूच म्हटलं, "कल मत भेजिए." तिने मान हलवली, कारणही विचारलं नाही.

सकाळी आमच्याकडे बाई हजेरी घेत नाहीत. मुलंच आजूबाजूला बघून कोण आलं नाही ते सांगतात. त्या सकाळी मुलांनी सांगितलं, अन्नू नाही. ताईजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. पाहुण्यांपुढे चहा ठेवून त्या किशोरीलालच्या स्कूटरवर मागे बसून निघून गेल्या आणि अन्नूला घेऊन आल्या. पाहुण्यांसमोर अन्नूने अकरा फेऱ्या मारल्या.

सगळे गेल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, तू एवढी पुस्तकं वाचतेस. एका मुलाला लपवून बाकीच्यांना काय शिकवायचं, ते कुठे लिहिलंय का?"

धक्का मला माझाच बसला होता. ती दोन पानं लिहिणारी आणि 'कल मत भेजिए' म्हणणारी एकच बाई होती.

त्या गेल्यानंतर दहाव्या दिवशी समितीचं पत्र आलं. मला ताईजींच्या जागी प्रभारी नेमलं होतं. खाली लिहिलं होतं, की यापुढे चाचणी घेऊनच प्रवेश द्यावा. 'ऐसे बच्चों'साठी शहरात दुसऱ्या जागा आहेत. मी ते तीनदा वाचलं. तेरावंसुद्धा झालेलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या सोमवारी एक माणूस सात वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मूळचा टहरौली गावचा, आता आमच्याच मागच्या गल्लीत राहून ई-रिक्शा चालवणारा. "मैडम ने कई ती, सोमवार खों ले आइयो," तो बुंदेलीत म्हणाला; सोमवारी आण, असं ताईजींनीच त्याला सांगितलं होतं. "हमाई मोड़ी बोलत नइयाँ. सुनत सब है." मोड़ी म्हणजे मुलगी; ती बोलत नव्हती, ऐकत मात्र सगळं होती.

ताईजी गेल्याचं त्याला माहीत नव्हतं; मधले दिवस तो गावी होता. मी सांगितलं. तो पायरीवर बसला. मग त्याने विचारलं, "तो अब?"

हा प्रश्न आजवर मला कुणी विचारला नव्हता. लोक तो ताईजींना विचारत. मुलगी, तिचं नाव चंदा, बापाच्या खांद्यावर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती. ती सगळं ऐकत होती.

प्रवेशाच्या नव्या अर्जात चाचणीच्या गुणांचा रकाना होता. मी त्यात आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. मग समितीला पत्र लिहिलं : हा प्रवेश मी दिला आहे. चूक वाटत असेल तर प्रभारी बदला. मुलगी इथेच शिकेल.

उत्तर अजून आलेलं नाही. पोस्टमन आला की मी फाटकापर्यंत जाते. चंदा रोज येते, दुसऱ्या बाकावर बसते. काल तिने शेजारणीचं खोडरबर ओढून घेतलं आणि दोघींची चांगलीच जुंपली, वर्गात कुणाचीही जुंपते तशी. मी दारात उभी होते. सोडवायला गेले नाही.