माझ्यावर जळणारा म्हातारा

मी आजवर जितक्या वेळा मेलोय, तितक्या वेळा आमच्या तेलगावात दुसरं कुणी मेलं नसेल. मोबाईलवर आमची गावाकडची सिरियल चालते, तिच्यात कुणाला मारायचं ठरलं की डायरेक्टर आधी माझ्याकडं बघतो. डायरेक्टर म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याचा धंदा लग्नाच्या शुटिंगचा. लग्नसराई सरली की कॅमेरा रिकामा पडतो, म्हणून त्यानं ही सिरियल काढली. तिच्यात मी तलाठी झालो, फौजदार झालो, भोंदू महाराज झालो, एकदा मिशी उतरवून सासूसुद्धा झालो. हिरो तेवढा कधी झालो नाही. हिरोचा बाप मरतो तो मी, अन् त्याला मारणारा पाटीलही मीच, फक्त मिशी बदलायची.

पण म्हणून कुणी मला हलक्यात घेऊ नये. गेवराईच्या बाजारात गेलतो, तर एका भाजीवालीनं मला कोथिंबीर द्यायलाच नकार दिला. मागच्या भागात मी सुनेला छळलं होतं, ते तिच्या डोक्यात बसलेलं. मला राग आला नाही, उलट छाती फुगली. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, फुगवून घ्या, आज वरणात कोथिंबीर नाही.

घरात माझ्यावर कुणाचा काडीचा विश्वास नाही. कंबर धरली म्हटलं तरी बायको विचारते, कोणता सीन हाय. अन् पोरगी तर लहानपणापासून एकच वाक्य बोलत आलेली, "पप्पा, ॲक्टिंग नका करू." बारावीत तिला चांगले मार्क पडले, माझ्या डोळ्यात खरंखुरं पाणी आलं, तर म्हणाली, लई भारी जमलं, आता पुसा. तवापासून मी तिच्यापुढं मनातलं दाखवायचंच सोडलं. टिंगल करायची अन् मोकळं व्हायचं. ती मला किती प्यारी हाय हे तिला कधी सांगताच आलं नाही, अन् ते मला सलायचं.

शिकून ती अंबाजोगाईला नर्स झाली. तिथंच औषधाच्या दुकानातल्या एका पोराशी तिचं जमलं. पोरगा गेवराईकडचा, स्वभावानं गरीब, आम्हाला बघताक्षणी पसंत. घोडं अडलं ते पोराच्या मामापाशी. पोराचा बाप लहानपणीच गेलेला, मामानंच वाढवलं, त्यामुळं मामाचा शब्द शेवटचा. या मामाला सिनेमा-सिरियलचं भारी वावडं. मोबाईल ठेवायचा तो फक्त बोलायला. नटाची पोरगी म्हटल्यावर त्यानं नाक मुरडलं अन् सांगितलं, आधी चौकशी करतो. पोरीनं मला फोन केला. काही दिवस माणसासारखं वागा म्हणाली, लग्न झालं तर याच्याशी, नाहीतर करायचंच नाही. तिच्या आवाजातली धास्ती ऐकून मी टिंगल न करता नुसतं हो म्हटलं.

आमच्याकडची चौकशी ही एक कलाच हाय. पाहुणा न सांगता येतो अन् पोरीच्या घरी फिरकतसुद्धा नाही. फाट्यावरच्या हॉटेलात चहा प्यायचा, कटिंगच्या दुकानात दाढी करायची, पिठाच्या गिरणीपाशी उगं घुटमळायचं, अन् सहज आठवल्यासारखं विचारायचं, अमक्याचं घर कसंय. कुणी तोंड भरून कौतुक केलं तर समजायचं, याला आधीच पढवलंय. खरी किंमत भाऊबंदाच्या शब्दाला. भाऊबंद चांगलं बोलायचा सवालच नाही, त्यामुळं त्याला जिथं खोट सापडत नाही तिथं खुशाल सोयरीक करावी.

मामा उगवला तो नेमका शुटिंगच्या दिवशी. त्या दिवशी मी खाष्ट म्हातारा होतो. पांढरी दाढी, मळका पटका, अन् डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर देतात तसला काळा चष्मा. कॅमेऱ्याची बॅटरी उतरली म्हणून चुलतभाऊ हॉटेलात चार्जिंगला लावून बसला होता, मी बाहेर बाकड्यावर. तेवढ्यात पांढऱ्याशुभ्र कपड्यातला एक माणूस मोटारसायकलवरनं उतरला, शेजारी टेकला, स्वतःला चहा सांगितला अन् मलाही सांगितला. बशीत फुंकर मारत म्हणाला, "बाबा, तुमच्या गावात कोन ते नट हाय म्हने. मानूस कसा हाय?"

पोरीनं दाखवलेल्या फोटोतलाच हा मामा. तिथंच दाढी काढून रामराम घालावा, असं एकदा मनात आलं. पण चौकशीला आलेल्या माणसाला चौकशी करताना पकडणं म्हणजे त्याची चारचौघांत अब्रू काढणं. अन् वर तो म्हणणार, बघा, नट शेवटी सोंगच घेऊन बसला. म्हणून मी घसा खरवडून म्हाताऱ्याचा आवाज लावला अन् सांगितलं, माणूस म्हणजे देवमाणूस, असा माणूस पंचक्रोशीत नाही.

मामानं बशी खाली ठेवली. डोळे बारीक करून विचारलं, तुमी त्यांचे कोन. बोंबला, केली का घाण, असं मीच मला म्हणालो. लगेच गिअर बदलला. कोन म्हंजे, भाऊबंद हाय, बांधाला बांध हाय, तुमी परके म्हणून चांगलं बोललो, आता खरं ऐका. अन् मग सुटलो. गडी लई फुशारकीचा. रानात पाय ठेवत नाही, दिवसभर आरशापुढं. सासूचा पार्ट केला तवा बायकोचं लुगडं फाडून ठेवलं. घोरतो असा की गल्लीतली कुत्री गाव सोडतात. बायकोनं वर्षानुवर्षं सुनावलेलं सगळं ऐनवेळी उपयोगी पडलं. आत हॉटेलवाल्याला हसून ठसका लागला, चुलतभाऊ शेगडीमागं जाऊन बसला. मामाचा चेहरा मात्र खुलत चालला होता. खरं सांगू का, मलाही मजा यायला लागली होती.

"अन् पोरगी?" मामानं विचारलं.

आता एवढा खाष्ट म्हातारा पोरीला कसा सोडंल. पात्र म्हणत होतं, काहीतरी बोल. मी तोंड उघडलं, पण शब्द फुटंना. इतक्या वर्षांत मी कधी अडलो नव्हतो, अन् अडलो ते आमच्या गावच्या बाकड्यावर.

"पोरीला नाव ठिवलं तर जीभ झडंल माजी," मी म्हणालो. "बापाला सारं गाव हसतंय. कॉलेजात पोरी तिला बापावरनं चिडवायच्या. पन तिनं बाप कदी लपवला न्हाई. हाव, त्यो माजाच बाप हाय म्हनायची. असली पोरगी कुनाच्या नशिबात आस्ती?"

बोलून झाल्यावर कळलं, आवाज म्हाताऱ्याचा राहिलाच नव्हता, तो माझा होता. काळ्या चष्म्याआड डोळे भरून आले होते. मामानं खाली ठेवलेली बशी उचलून गार चहा संपवला. मग उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् गाडीला किक मारून निघून गेला.

घरी बायकोनं माझी बिनपाण्यानं केली. पोरीच्या आयुष्याशी खेळताना लाज नाही वाटली का म्हणाली. मामानं ओळखलं असंल तर संपलंच. जेवण जाईना, फोन वाजला की धडकी भरायची. अन् एक दिवस मामाचाच फोन आला, सोयरीक पसंत हाय.

साखरपुड्याच्या बैठकीत मामानं सगळ्यांसमोर ती गोष्ट सांगितली. तुमचा एक भाऊबंद तुमच्यावर लई जळतो म्हणाला. तुम्हाला त्यानं पार धुऊन काढलं, पण पोरीबद्दल काय बोलला ते ऐका. अन् मामानं माझं बोलणं शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. पोरीला आईकडनं म्हाताऱ्याचं सोंग कळलं होतं, हे बोलणं माहीत नव्हतं. ती माझ्याकडं बघत राहिली. मी ॲक्टिंग करतोय असं ती म्हणाली नाही, अन् मला कुठं बघावं ते कळंना.

इथवर ठीक होतं. पण मामानं पुढं जाहीर केलं, की लग्नात त्या बाबाला फेटा मी बांधणार, त्याचा मान मी करणार. आता एकाच मांडवात नवरीचा बाप अन् तो म्हातारा, दोघं आणायचे कुठनं? म्हातारा मेला म्हणून सांगू का, असं मी घरात हळूच विचारलं. बायको म्हणाली, शुभकार्यात तरी कुणाला मारू नका.

लग्नात बापाचं सगळं केलं. कन्यादान केलं, पाहुण्यांच्या गळाभेटी घेतल्या, पंगतीत जिलेबी वाढत फिरलो. मामा मात्र पंगत उठल्यापासून बाबा कुठंत म्हणून विचारत होता. शेवटी पाठवणीच्या वेळी तो नवरीच्या गाडीपुढं फेटा घेऊन उभाच राहिला, बाबा आल्याबिगर गाडी हलणार न्हाई म्हणाला. मी आचाऱ्याच्या ताडपत्रीमागं पळालो. चुलतभावानं घाईघाईत पटका अन् काळा चष्मा चढवला, दाढी चिकटवली, पण डिंक जुना होता.

मी लटपटत बाहेर आलो. मामानं पटका उतरवून फेटा बांधला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पोरगी पुढं आली अन् म्हाताऱ्याच्या पाया पडली. उठून गळ्यात पडली अन् कानात म्हणाली, "पप्पा, दाढी निघाया लागली." अन् आपला मेंदीचा हात तिनं माझ्या गालावर दाबून धरला, दाढी पडू नये म्हणून.

बाप म्हणून रडायचं नाही, असं मी सकाळीच ठरवलं होतं, उगं ती मला ॲक्टिंग म्हणायची. पण म्हाताऱ्यानं तसलं काही ठरवलं नव्हतं. मी ढसाढसा रडलो. तीही रडली, पण गालावरचा हात काढला नाही.

मामानं उपरण्यानं डोळे पुसले अन् मांडवाकडं वळून रागानं म्हणाला, "परका मानूस एवडा रडाया लागलाय, अन् हिचा बाप कुटं मेला?"