रस्त्यानं रिकामी चालणारी बाई

बेंबीजवळ हर्नियाची गाठ घेऊन मी चार वर्षं काढली. बिदरचे डॉक्टर म्हणाले, "आधी दहा किलो वजन कमी करा, मग ऑपरेशन. रोज तासभर चाला." चालायला काय लागतं? पाय. ते होते. मला इतका हुरूप आला की येताना बूटसुद्धा घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संतपूरच्या रस्त्याला लागले. गावातून निघणारा डांबरी रस्ता तेवढाच, आणि माझं माहेरही त्याच रस्त्यावर. पहिलीच जीप थांबली. "बसा की अक्का, कुटं जायलाव?" कुठंच नाही, म्हटलं. त्यानं असं बघितलं की मलाच वाटलं, आपण खोटं बोलतोय. आमच्याकडे बाई पायी जाते ती शेताला, नाहीतर देवाला. हातात ना विळा, ना नारळ. मग उरतं एकच, घरी भांडून निघाली. पाचव्या दिवशी एक म्हातारी हात धरून रडलीच, "फिर माघारी, लेकी. नांदावं लागतंय बाई."

आठव्या दिवशी अण्णा, माझा थोरला भाऊ, जीप करून दारात. "कोण काय बोललं तुला? रोज पायी कामून निघायलीस?" मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. तो हसला, चहा पिऊन गेला. नवरा हसला नाही. "गावात नाक कापलंस माझं. काय चालायचं ते घरात चाल."

घरात कुठं? गच्चीवर तूर वाळत होती. अंगणात सासूबाईंची बाज, आणि मी फेऱ्या मारल्या की त्यांना चक्कर यायची. ताटात एकच भाकरी घेतली की म्हणायच्या, "माझ्या लेकाच्या घरी खायला न्हाई व्हय?" आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत. मी दोन्ही भाकऱ्या मुकाट्यानं खायचे. लिंबाएवढी गाठ पेरूएवढी झाली. मला मरणाची भीती वाटायची, आणि ती सांगायला कुणी नव्हतं.

तीन महिन्यांनी वजन दोन किलोनं वाढलेलं. डॉक्टर वैतागले, "ताई, चालायला काय जातं तुमचं? आतडं अडकलं तर जिवावर बेतेल."

मी नवऱ्याकडे बघितलं. वाटलं, आता तरी सांगेल. तो खुर्चीत पुढं सरकला. "जरा आळशीच हाय ती, डॉक्टरसाब. सांगून सांगून थकलो म्या."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते.

"व्हय," मी म्हणाले, "कंटाळा येतोय मला."