खिडकीशी ठेवलेली खुर्ची

“मॅडम, रडणं डोळ्यांत शोधू नका. उजेड कुठं थांबलाय ते बघा,” असं म्हणत सर डावा डोळा मिटायचे. पनवेलच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, मी मराठी. असा माणूस तुमच्याही नोकरीत भेटला असेल. मधल्या सुट्टीत सगळे पगारवाढीवर बोलताहेत आणि हा एकटाच पुस्तक उघडून बसलाय.

सरांच्या पुस्तकात युरोपातली, बरोक काळातली धार्मिक चित्रं होती. सगळीकडे मिट्ट काळोख आणि एका बाजूनं आलेला उजेड, तोही नेमका जिथं दुखतंय तिथं. मरियमच्या मांडीवर तिचा मेलेला मुलगा, येशू. “अशी एक आई मला काढायचीय, पण चेहराच मिळत नाही,” ते म्हणायचे. आम्ही चेष्टेनं मुख्याध्यापिकाबाईंचं नाव सुचवायचो. सरही हसायचे.

सातव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. घरी सगळे म्हणाले, आता तो विषय नको. मी पुन्हा शाळेत रुजू झाले, त्या दुपारी काही कागद द्यायला चित्रकलेच्या वर्गात गेले. सरांनी नुसतं विचारलं, “बरं वाटतंय का?” आणि मला रडूच फुटलं.

“इथं नको, खिडकीशी बसा.” त्यांनी खुर्ची सरकवली, बाकीच्या खिडक्या लावून घेतल्या. बाहेरून कुणी बघू नये म्हणून, असं मला वाटलं. स्वतः समोरच्या बाकावर बसून राहिले. मला पोटभर रडू देणारा तो पहिला माणूस.

वर्षभरानं गावात त्यांचं प्रदर्शन भरलं. सर्वांत मोठ्या चित्रासमोर गर्दी होती. मरियमला माझं नाक होतं, माझ्या हनुवटीवरचा तीळही. सोबतच्या बाई पुटपुटल्या, “अगं, ही तर तू!”

मी सरांना कोपऱ्यात गाठलं. “खिडक्या यासाठी लावल्या होत्या?”

ते म्हणाले, “तसा उजेड पुन्हा मिळाला नसता, मॅडम.”

“मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं, तर तुम्ही रडायच्या थांबला असता.”

त्यानंतर एकाच स्टाफरूममध्ये चार वर्षं काढली, पण बोललो नाही. निवृत्त होऊन ते आपट्याला राहायला गेले. गेल्या वर्षी वारले.

त्यांच्या पत्नीनं मला बोलावून घेतलं. “हे तुमचंच आहे,” म्हणत एक जुनी वही पुढे केली. “त्या दिवशी शाळेतून आले ते हातपाय न धुता हे काढत बसले. काय खुशीत होते! म्हणाले, आज सापडली.”

पानभर माझा चेहरा होता. खाली सरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हुंदका फुटताना. उत्तम.’

“थांबा ना, चहा टाकते,” त्या म्हणाल्या.

मला बसवेना.