एक अंगावर, एक दोरीवर

पालमच्या स्टँडवर एसटीत चढताना सुनंदाने माझी पिशवी हातात तोलून पाहिली. सुनंदा माझी लेक. परभणीला दवाखान्यात नर्स आहे. अंदमानला जायचं तिनेच ठरवलं होतं, रजा काढून.

"आई, एवढीच पिशवी?"

"दोन लुगडी घेतली. एक अंगावर हाय, एक पिशवीत."

"मोबाईलवर बघितलं म्या. तिथं कवा ऊन, कवा पाऊस. ट्रंकेतलं पांढरं तरी घ्यायचं."

"ते विहारात वंदनेला नेसायचं हाय. समुद्रावर मळवायला न्हाई."

ऊसतोडीला आम्ही बारा वर्षं गेलो. सहा-सहा महिने दोन लुगड्यांवर काढले. एक अंगावर, एक दोरीवर. कपडे भरायचं मला कोणी शिकवावं असं वाटलं नाही.

परभणीहून रेल्वेने हैदराबाद, तिथून विमान. विमानात मी डोळे मिटून बसले, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. उतरलो तेव्हा ऊन होतं. खोलीवर पोचेपर्यंत एक सर येऊन गेली. हवा इतकी ओली की भिंतीला हात लावला तरी चिकट लागे. जेवायला भात आणि नारळाच्या रश्श्यातला मासा. मासा बरा होता. भाकरी कुठेच मिळाली नाही.

संध्याकाळी अंगावरचं लुगडं धुऊन गॅलरीत घातलं. सकाळी पाहिलं तर तसंच ओलं. त्या दिवशी किनाऱ्यावर पावसाने दुसरंही भिजवलं. खोल्या झाडणारी बंगाली बाई म्हणाली, "मौसी, यहाँ दो दिन में भी नहीं सूखता."

"हमारे उधर तो चाय पीने तक सूखता," मी म्हणाले. तिला ते खोटं वाटलं.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या बेटावर जायचं होतं. दोन्ही लुगडी दोरीवर ओलीच, मी चादर गुंडाळून बसले होते. तिथे तळाला काच लावलेल्या होडीतून समुद्रातले मासे दिसतात. सुनंदा महिनाभर तेच सांगत होती. तिने स्वतःचा पंजाबी ड्रेस माझ्यापुढे धरला. तो घालून चार लोकांत बसणं मला जमणारं नव्हतं.

"तू जाऊन ये. मी बसते खोलीत."

तिने ड्रेसची घडी घातली. मग म्हणाली, "उसाच्या फडावर जाताना मला पाचटाच्या कोपीत ठिवून जायचीस. भाइर निघू नको म्हणायचीस. दिसभर वाटंकडं बघत बसायचे मी. आता मी तुला ठिवून जाऊ का?"

फडावर पहाटेच्या दवाने लुगडं गुडघ्यापर्यंत भिजायचं. ते अंगावरच वाळायचं. मी दोरीवरचं लुगडं ओढलं, पिळलं आणि नेसले.

"अगं, ताप येईल!"

"आला तर तू हायस की नर्स."

होडीत आठ-दहा माणसं होती, सगळ्यांचे कपडे कोरडे. मी अंग चोरून टोकाला बसले. फळीवर माझ्याभोवती पाणी पसरलं तशी शेजारच्या बाईने आपली ओढणी उचलून घेतली. मी मान वर केली नाही. होडी थांबली आणि तेवढ्यात आडवा पाऊस आला. एकच धांदल उडाली. कोणी मोबाईल पोटाशी धरला, कोणी मागच्या ताडपत्रीखाली घुसलं. काचेजवळ कोणीच उरलं नाही. माझं भिजायचं काही राहिलंच नव्हतं. मी पुढे सरकले. खाली निळे, पिवळे मासे सावकाश फिरत होते. वर काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता.

"आई, सरक की," म्हणत सुनंदाही आली. डोक्याला डोकं लावून आम्ही पाहत राहिलो.

ओढणीवाली बाई ताडपत्रीखालून म्हणाली, "मौसी, आपको पता था क्या बारिश का?"

"हमारी अम्मा घर से ही भीग के आई!" सुनंदा म्हणाली. सगळे हसले. मीही हसले.

पालमला परतले तेव्हा दुपारचं कडक ऊन होतं. पिशवीतलं लुगडं अजून ओलसर, कुबट वासाचं. अंगणातल्या दोरीवर टाकलं आणि चहा ठेवला. चहा पिऊन भांडी घासली तोवर ते वाळून कडक झालं होतं. घडी घालताना काठातून वाळू पडली.

बेटावर जायचं असेल तर तीन लुगडी न्यावीत आणि त्यांतलं एक लवकर वाळणारं असावं, एवढं मला आता कळलं. लेकीला मी कोपीत ठेवून जायचे, तेव्हा पोटासाठी काम होतं. या वेळी काम काहीच नव्हतं, नुसतं लुगडं ओलं होतं. तेवढ्यासाठी मी मागे राहणार होते.