बारा पौर्णिमांची बाग

माझ्या बायकोला झाडांचं फार वेड होतं असं नाही. तिला फक्त बाजारातली फुलं वंदनेला वाहायची नव्हती. दर पौर्णिमेला घरी बुद्धवंदना करायची ही रीत आम्हा दोघांनाही आईबापांकडून मिळालेली, आणि त्या दिवशी फूल आपल्या अंगणातलं असावं एवढीच तिची मागणी. माझ्या नोकरीभर ती पुरी झाली नाही. मी जिल्हा परिषदेचा मास्तर, आज या गावी तर उद्या त्या. जिल्हा फुटून त्याचे दोन झाले तेव्हा माझी शाळा गोंदियाकडे गेली, मी अर्जविनंत्या करून अलीकडे आलो, आणि त्या धावपळीत तिने वाढवलेली तगर कुणाच्या तरी भाड्याच्या अंगणात राहून गेली. त्यावरून तिने मला पुढे कित्येक वर्षं टोमणे मारले.

निवृत्तीनंतर साकोलीला घर बांधलं. मागे बऱ्यापैकी जागा सोडली होती. ती जागा आखायला ती बसेपर्यंत तिचं नागपूरला ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि डॉक्टरांनी बादली उचलायची नाही म्हणून ताकीद दिली होती. त्यामुळे बागेची पहिली अट ठरली ती अशी, की झाडाने काही मागता कामा नये. एक पावसाळा सांभाळलं की पुढे त्याचं त्याने जगावं. मी हौसेने गुलाब सुचवला, तर म्हणाली, त्याची रोज मिजास कोण राखणार, तुम्ही? भर उन्हाळ्यात मी एक कुंडीसुद्धा जगवलेली नाही हे तिला पुरतं ठाऊक होतं.

शाळेच्या जुन्या वहीत तिने बारा पौर्णिमा एकाखाली एक लिहिल्या आणि प्रत्येकीसमोर फूल. चैत्राला मोगरा, वैशाखात बुद्धजयंतीला पांढरा चाफा, ज्येष्ठाला तगर, आषाढात जुई, श्रावणाला कण्हेर, भाद्रपद-अश्विनाला पारिजातक, कार्तिकापासून शेवंती. माघ काही सुटेना. दोन दिवस ती माघावर अडून बसली, शेवटी पांढरा कांचन सापडला तेव्हा पोरीला फोन करून सांगितलं. फाल्गुनासमोर पळस लिहिला आणि पुढे, 'रस्त्यावरचा चालेल.' मी हसलो तर म्हणाली, पळसाची काय बाग करायची, आपल्याकडे सगळा मुलूखच त्याचा आहे.

ज्येष्ठात महामार्गावरच्या नर्सरीतून रोपं आणली. ती खुर्चीवर बसून बोट दाखवी, मी खड्डे खणी. जागेला नालीकडे चांगला उतार होता. तो तसाच राहू द्या, असं तिने मला दोनदा बजावलं. मग आषाढ लागताना ती नागपूरला पोरीकडे गेली. तिथे रोज दवाखान्यात न्यायचं होतं, किरणांचा इलाज होता, आमच्याकडे त्याला सिकाई म्हणतात. पोरीचं घर दोन खोल्यांचं, म्हणून मी साकोलीलाच राहिलो. रविवारी जायचो आणि सोमवारी परत यायचो.

आता माझ्या अकलेची गोष्ट. मी दिघोरीकडच्या धानवाल्याचा पोरगा. पाऊस सुरू झाला आणि मागच्या जागेतलं पाणी झरझर नालीत जाताना दिसलं की माझा जीव खालीवर व्हायचा. आमच्या घरी पाणी असं वाहून जाऊ देणारा माणूस आळशी ठरायचा. बाप पहाटे छत्री न घेता बांधीवर जाऊन धुरा कुठे फुटला ते पाहायचा. बांधी म्हणजे धानाचा तुकडा, आणि चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घालून पाणी अडवलं नाही तर ती बांधीच नव्हे. मी विचार केला, बाग पाणी मागणार नाही अशी हवी ना? मग पाणी आतच धरून ठेवू. फावडं घेतलं, रोपं सांभाळत उतार कापून जमीन सपाट केली, तलावाच्या गाळाची एक ट्रॉली टाकली आणि भोवती वीतभर उंच धुरा घातला. तीन दिवस लागले. ती नागपुरात सोसत असताना इथे नुसतं बसून राहणं मला जमत नव्हतं, हेही खरं आहे. काम झाल्यावर मी इतका खूश होतो की तिला आल्यावरच दाखवायचं ठरवलं.

रोज संध्याकाळी ती फोनवर झाडांचं विचारायची. स्वतःचं काही सांगायची नाही. मी म्हणायचो, मस्त आहेत. पहिले आठ दिवस ते खरंही होतं. मग पानं पिवळी पडायला लागली. धान पिवळा पडला की आम्ही काय करतो? मूठभर युरिया फेकतो. मी तेच केलं. चाफ्याचा बुंधा दाबून पाहिला तर बोट आत गेलं. पारिजातकाची पानं उभ्याउभ्या गळली. धुरा फोडायला हवा हे डोक्यात येईपर्यंत मोगरा, जुई, कांचन सगळं मुळातून सडलं होतं. कडेच्या उंचवट्यावरची तगर आणि कण्हेर तेवढी वाचली. फोनवर मी मस्तच म्हणत राहिलो.

श्रावण पौर्णिमेला तिने विचारलं, आज काय वाहिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, पारिजातक. औंदा लवकर आला, म्हटलं, पाच-सहा फुलं होती. ती इतकी आनंदली की तिने फोन पोरीच्या हातात देऊन तिलाही ऐकायला लावलं. मी त्या दिवशी स्टँडवरची फुलं वाहिली होती.

त्याच आठवड्यात सिकाई संपली. डॉक्टरांनी मला आणि पोरीला आत बोलावलं, तिला बाहेर बसवून. घरी न्या म्हणाले. दिवाळी कठीण आहे. तिला सांगायचं नाही, असं आम्ही बापलेकीने जिन्यातच ठरवलं. गाडीत पोरगी आईला सांगत होती की डॉक्टर फार खूश आहेत.

घरी आल्यावर ती पाय धुऊन तडक मागच्या दारात गेली. मी मागे उभा. तिने धुरा पाहिला, आतलं साचलेलं हिरवट पाणी पाहिलं, काळ्या काड्या पाहिल्या.

"बांधी केली तुमी," ती म्हणाली. आणि हसली. मलाही वाटलं, चला, हसण्यावारी गेलं. मी धानवाल्याच्या अकलेबद्दल काहीतरी बोलू लागलो. तिने मधेच थांबवलं.

"पारिजातक वाहिला म्हणून काहून सांगितलं?"

मी म्हटलं, तुला तिकडे वाईट वाटू नये म्हणून.

ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. "डॉक्टर मले चांगलं म्हणते, पोरगी चांगलं म्हणते. मी म्हणो, म्हणू द्या, घरचा माणूस तं खरं सांगून राहिला ना. तुमी झाडं मस्त म्हणत होते, अन् झाडं अशी मेली. मंग मी काय समजू?"

पोरगी आत चहा करत होती, कपांचा आवाज येत होता. मला आतल्या आत फार लाज वाटली. तेवढी मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"डॉक्टर तुमाले काय बोलला ते सांगा," ती म्हणाली.

पोरीशी ठरलेलं मी मोडलं. दिवाळी कठीण आहे, एवढंच बोललो, आणि मलाच रडू फुटलं. ती रडली नाही. जरा वेळाने तिने वही मागितली. वहीत काही खोडलं नाही, नुसती पाहिली आणि मिटली. मग म्हणाली, धुरा आताच फोडा. मी तिच्यासमोर फोडला. पाणी गेलं, खाली चिखल राहिला. तो वाळला की उतार पहिल्यासारखा करून झेंडू लावा, ती म्हणाली, दुसरं काही सध्या लावू नका. दोन लांब ओळी.

"एवढा झेंडू कायले?" मी विचारलं.

"लागन," ती म्हणाली.

मी समजलो, दिवाळीच्या तोरणांसाठी. पोरगी महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही, पण आईजवळ बसून तिनेही खोटं बोलणं सोडलं. त्या दिवसांत आम्ही तिघं जितकं खरं बोललो तितकं आधी कधी बोललो नव्हतो. भाद्रपद पौर्णिमेला तिने कण्हेरीचं फूल वाहिलं. मी रोज सकाळी तिला झेंडूचं सांगायचो, जसं असेल तसं. आज अळी पडली. आज तीन रोपं मान टाकून आहेत. ती पडल्यापडल्या ऐकायची आणि काय करायचं ते सांगायची. अश्विन पौर्णिमेला मी म्हटलं, फुलला. तिने खात्री करायला खिडकीशी न्यायला सांगितलं नाही.

त्यानंतर पाचव्या दिवशी ती गेली. माणसं जमली, पोरगी माझ्याजवळ येऊन विचारू लागली की फुलं आणायला कुणाला पाठवू. मी तिला थांब म्हटलं आणि टोपलं घेऊन मागे गेलो. पहिली ओळ तोडली, मग दुसरी. ओळींत एक फूल राहिलं नाही, आणि विकतही एक आणावं लागलं नाही.